क्रशरमधली पिवळी तार

आक्का बावीस वर्षं एकाच जागी बसत होती. खाणीतून वर आलेला कोळसा रबरी पट्ट्यावरून यायचा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बायका बसून त्यातले दगड, लाकडाचे तुकडे, तुटके बोल्ट वेचून डब्यात टाकायच्या. पट्टा संपायचा तिथून कोळसा उतरणीवरून घरंगळत एका मोठ्या लोखंडी हॉपरमध्ये पडायचा. हॉपरच्या तळाशी क्रशर. एकमेकांकडे फिरणारे दोन दातेरी रोलर, कमरेइतके जाड. वरून डोक्याएवढा कोळसा आत जायचा, खालून मुठीएवढा बाहेर पडायचा. आवाज असा, की शेजारणीशी बोलायचं तर ओठ वाचावे लागायचे. बायका दिवसभर तशाच बोलायच्या, घसा न वापरता, आणि घरी गेल्यावरही कधी कधी सवयीनं नुसतेच ओठ हलवायच्या.

आक्काची जागा शेवटची, उतरणीच्या तोंडाशी. तिच्या हातून सुटलं ते थेट दात्यांत. म्हणून ती जागा तिला दिली होती, आणि म्हणूनच तिथं बसायला दुसरं कुणी मागत नव्हतं.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजून गेले होते. एक चपटा, ताटाएवढा कोळसा डुलत डुलत येत होता. आक्काच्या समोर आल्यावर तो कलंडला आणि त्याच्याखाली तिला पांढरं काहीतरी दिसलं. बोटभर जाड, वीतभर लांब. त्याच्या टोकातून पिवळी तार निघून कोळशाच्या चुऱ्यात गेली होती.

तिचा हात पुढे झाला होता. बोटं पोचायच्या आत कोळसा परत उलटला, पांढरं नाहीसं झालं, आणि दोन्ही मिळून उतरणीवरून खाली गेलं.

तिनं डोक्यावरची लाल दोरी ओढली. पट्टा थांबला. पण दोरीनं फक्त पट्टा थांबायचा. क्रशरची मोटर वेगळी होती, तिचं बटण खाली, बारक्याच्या हाताशी. बारक्या म्हणजे क्रशर चालवणारा, सव्वाशे किलोचा माणूस. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं. आक्का जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत ओरडत सुटली, पण तिथं ओरडण्याला काय किंमत! त्याच्या समोर जाऊन तिनं दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. बारक्यानं कारण विचारलं नाही. त्यानं बटण दाबलं.

रोलरना एकेक जड चाक जोडलेलं होतं. मोटर बंद झाली तरी ती चाकं लगेच थांबत नसत. पाऊण मिनिट लागायचं. ते पाऊण मिनिट आक्का आणि बारक्या एकमेकांकडे बघत उभे राहिले. आत कोळसा कडाकड फुटत होता, मग सावकाश, मग एकेक. शेवटी एक मोठा तुकडा दात्यांत करकरला आणि सगळं गप्प झालं.

"काय ग?" बारक्यानं विचारलं. इतक्या शांततेत त्याचा स्वतःचाच आवाज त्याला मोठा वाटला असावा, कारण पुढचं तो हळू बोलला. "कुणाचा हात गेला?"

"काडतूस," आक्का म्हणाली. "सुरुंगाचं. न उडालेलं. आत पडलंय."

बारक्यानं भिंतीवरची पेटी उघडली, तिन्ही फ्यूज उपटले आणि शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.

दहा मिनिटांत इमारत रिकामी झाली. बाकीच्या बायकांना आणि खालच्या माणसांना क्रशरवर देखरेख करणाऱ्या साहेबानं लांब फाटकापाशी नेऊन उभं केलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण बाहेर रेल्वेच्या वाघिणी भरायच्या थांबल्या होत्या आणि त्याच्या टेबलावरचा फोन थांबत नव्हता.

"आक्का, नक्की काडतूस होतं? चष्मा नवीन आहे ना तुमचा?"

"नवीन आहे म्हणूनच दिसलं."

"कागदाचा तुकडासुद्धा पांढरा असतो."

"कागदाला पिवळी तार नसते, साहेब."

साहेबानं खाणीत फोन लावला. नियम असा, की सुरुंगाच्या सामानाला हात लावायचा तर परवानावाल्यानंच. आणि सकाळच्या पाळीला तो कोळसा ज्यानं पाडला होता तो परवानावाला कोण, हे आक्काला फोनच्या आधीच माहीत होतं. तिचा जावई.

मुलीनं हे लग्न स्वतः ठरवलं होतं. आक्काला वाटायचं, जन्मभर आपण कोळसा खाल्ला, निदान पोरीनं तरी कोळशाबाहेरच्या घरात जावं. मुलीनं आणला तो सुरुंगवाला! तरीही आक्कानं विरोध केला नाही, पण तिचं त्याच्याशी कधी जमलंही नाही. तो घमेंडी आहे असं तिचं मत झालं होतं. घरी आला की आपण काही बोलावं आणि त्यानं खुशाल खिडकीबाहेर बघत बसावं. दुसऱ्यांदा बोललं की मान वळवून "हां?" तिनं बोलणंच कमी केलं होतं. या, बसा, जेवून घ्या. त्यापुढे नाही.

तो आला तेव्हा त्याच्या अंगावर खाणीतलाच वेश होता. चेहरा काळा, त्यात डोळे पांढरे.

"कुठं पडलं?" त्यानं विचारलं.

आक्का वर गेली आणि बोटानं दाखवलं. "इथून घसरलं. डाव्या अंगाला. वर चपटा मोठा तुकडा होता."

"तुम्ही आता बाहेर जा, आई."

"मी गेले तर तुम्हाला सांगणार कोण? बघितलं मी आहे."

साहेबानंही सांगून बघितलं. मग तो स्वतः दारात थांबला, एक पाय आत, एक बाहेर. बारक्या तर हललाच नाही. फ्यूज माझ्या खिशात आहेत, म्हणाला, मी बाहेर गेलो आणि कुणी दुसरे फ्यूज आणून बसवले तर? आणि माझा हा सव्वाशे किलोंचा ऐवज उचलून पळायचं म्हणजे तुम्हालाच त्रास.

जावई शिडीनं हॉपरमध्ये उतरला. त्यानं आधी बूट काढले, कारण पायाला कोळसा कळायला हवा होता. मग तो वरचा एकेक तुकडा दोन्ही हातांनी उचलून वर धरू लागला. आक्का उतरणीच्या तोंडाशी पालथी झोपून तो घ्यायची आणि मागे बारक्याला द्यायची. बारक्या तो फडक्यावर ठेवायचा. टाकायचं काहीच नाही, आपटायचं काहीच नाही. बाहेर लांब कुठंतरी वाघिणी एकमेकींना घासल्याचा आवाज आला. आक्का आणि बारक्या जागच्या जागी थिजले, आणि आक्काकडे बघून जावईही. मग पुन्हा एक तुकडा. आणखी एक.

अर्धा तास झाला असेल. जावई खाली वाकला, बराच वेळ तसाच राहिला आणि सावकाश सरळ झाला. त्याच्या ओंजळीत पांढरं काडतूस होतं. त्यानं ते शिडीवरून वर आणलं, स्वतःच्याच हातानं वाळूच्या पेटीत ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले.

"सापडलं!" साहेब दारातून म्हणाला. "चला. बारक्या, फ्यूज बसव. पहिली वाघीण तरी..."

आक्का पेटीवर वाकली होती. काडतुसातून निघालेली तार लाल होती.

तिला पहिल्यांदा वाटलं, आपलंच चुकलं. मग तिनं चष्मा काढला, बाहीला पुसला, परत लावला. लाल.

त्या एका क्षणात तिच्या मनात बरंच काही येऊन गेलं. एक न उडालेला बार म्हणजे चूक. माणसाला समज मिळते, महिनाभर परवाना काढून घेतात, सुटतो. दोन म्हणजे चौकशी. दोन म्हणजे हा माणूस मोजत नाही असा शेरा. आणि त्या पगारावर तिच्या मुलीचं घर उभं होतं. बारक्यानं खिशाचं बटण काढलं होतं.

"हे ते नव्हे," आक्का म्हणाली.

"काय?" साहेब.

"मी बघितलं त्याची तार पिवळी होती. हे दुसरं आहे. माझं अजून आतच आहे."

साहेबाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आक्का, पट्ट्याच्या वेगात तुम्हाला तारेचा रंग दिसला?"

"बावीस वर्षं त्याच वेगात बघतेय."

"धुळीत लाल काय अन् पिवळं काय!"

"लावा मग फ्यूज," आक्का म्हणाली. "पण बटण तुम्ही दाबा. बारक्याला सांगू नका."

सगळे जावयाकडे बघू लागले. तो आक्काच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "पिवळी?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं डोळे मिटले. "लाल तारांची पेटी मध्येच संपली होती," तो म्हणाला. "शेवटचे चार बार पिवळ्या तारांचे भरले. आई म्हणतायत म्हणजे आहे आत."

तो पुन्हा शिडीनं हॉपरमध्ये उतरला. नको म्हणावंसं आक्काला वाटलं. पण आता कोणत्या तोंडानं म्हणणार?

या वेळी कोळसा तळापर्यंत उपसला गेला होता. रोलरचे दाते दिसत होते, त्यांत अडकलेले चार-सहा तुकडे, मध्ये काळी फट. जावई रोलरच्या अंगावर उभा राहून पलीकडच्या कोपऱ्यात चाचपडत होता. आक्काकडे त्याची डावी बाजू होती. तिनं बॅटरीचा झोत त्याच्या पायांशी फिरवला, आणि तिला दिसली पिवळी तार. त्याच्या डाव्या टाचेजवळचा तो चपटा तुकडा दात्यांत तिरका बसला होता, तार त्याच्या खालून आली होती. आणि जावयानं तो पाय उचलून नेमका त्याच तुकड्यावर ठेवायला घेतला होता.

"थांबा!" ती म्हणाली.

त्यानं ऐकलंच नाही.

"थांबा! पाय ठेवू नका!"

क्रशर बंद होता. टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. तो हातभर अंतरावर होता, आणि त्यानं मान वळवली नाही.

तेवढ्यात आक्काला कळलं. घरात बसायची त्याची जागा, खिडकीकडे केलेलं तोंड, तो "हां?", सगळं एकदम कळलं. ती छातीपर्यंत पुढे सरकली, बारक्यानं मागून तिचे घोटे धरले, आणि तिनं जावयाची कॉलर मुठीत पकडली.

तो वळला. पाय अधांतरी. तिच्या डोळ्यांकडे त्यानं बघितलं नाही, तिच्या ओठांकडे बघितलं.

आक्कानं आवाज केला नाही. पट्ट्यावर बोलतात तसे तिनं नुसते ओठ हलवले. *पायाखाली. आहे. डावा पाय मागे.*

त्याला अक्षर न् अक्षर कळलं. त्यानं पाय मागे घेतला, खाली वाकला आणि तुकडा न हलवता त्याच्याखाली बघितलं.

काडतूस दात्यांत चावलं गेलं होतं. स्फोटाची टोपी असलेलं टोक खालच्या बाजूला, दोन दात्यांच्या मध्ये, वरून कोळशाचा तुकडा दाबून बसलेला. ओढायचं नाव नाही. तुकडा हलवला तर तो खाली सरकून टोपीवर दाब येणार.

"चाक उलटं फिरवावं लागेल," तो म्हणाला. "हातानं. बोटभर."

चाक भिंतीच्या पलीकडे होतं. तिथून आतलं काही दिसत नव्हतं. तिथून कुणी काही म्हटलं तर आत जावयाला ऐकू येणार नव्हतं, हे आता फक्त आक्काला आणि जावयाला माहीत होतं. ती उतरणीच्या कडेला उठून बसली, जिथून तिला जावयाचं तोंड दिसत होतं आणि भिंतीतल्या भगदाडातून बारक्याचा खांदा.

"बारक्या, मी सांगेन तेवढंच. चाक स्वतःहून मागे येऊ देऊ नकोस."

"माझ्या वजनाखालून काही परत येतं का?" तो म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला. त्यानं चाकाच्या दांड्याला छाती लावली आणि पाय रोवले.

जावयानं एका हातानं कोळशाचा तुकडा धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं काडतुसाला लावली, आणि वर बघितलं.

"हळू," आक्का बारक्याला म्हणाली. ओठांनी जावयाला: *येतंय.*

लोखंड कण्हलं. दाता केसभर हलला. जावयाचे ओठ हलले.

"अजून," आक्का म्हणाली.

केसभर.

"अजून थोडं. थांब! धर तसंच."

तुकडा सैल झाला होता. जावयाच्या कोपरापर्यंत घामाचे ओघळ आले होते. त्यानं तुकडा उचलला, पण ठेवायला जागा नव्हती. आक्कानं हात पुढे केले, पोचले नाहीत. तो तुकडा त्यानं हॉपरच्या भिंतीला टेकवून मांडीनं दाबून धरला. भिंतीपलीकडे बारक्याच्या घशातून चमत्कारिक आवाज येत होता. सव्वाशे किलो सगळेच्या सगळे त्या दांड्यावर होते.

"आक्का, हात सुटतोय ग..."

*सुटतोय,* असं तिनं जावयाला सांगितलं नाही. तिनं सांगितलं, *आता घ्या.*

त्यानं घेतलं. काडतूस बाहेर आलं, मागून पिवळी तार. तो एका हातानं शिडी चढला, आणि त्याचा पाय शेवटच्या पायरीवर असतानाच मागे दाते खटकन मिटले.

वाळूची पेटी आक्कानं आणि जावयानं उचलून बाहेर नेली. साहेब त्यांच्या पुढे चालत लोकांना हात हलवून दूर करत होता. पेटी मोकळ्या रानात ठेवल्यावर त्यानं आक्कासमोर येऊन नुसतीच मान खाली केली आणि फोनकडे गेला.

नळावर हात धुताना आक्का जावयाच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"कधीपासून?"

त्यानं नळ बंद केला. "दीड वर्ष. डावा गेलाच आहे. उजव्यातही घणघण असते."

"आणि बार मोजता कसे?"

"जमिनीला कळतं पायांतून. बहुतेक वेळा." तो थांबला. "आज बारा मोजले. दहाच उडाले होते."

"माझ्या पोरीला माहीत आहे?"

"तिलाच माहीत आहे. तीच म्हणाली, कुणाला सांगू नका. परवाना गेला तर..."

आक्कानं ओले हात पदराला पुसले. "मला विचारतील तेव्हा मी बघितलं तेवढं सांगेन," ती म्हणाली. "कानाचं तुम्ही सांगा. दोन दिवस देते. नाही सांगितलंत, तर मी सांगेन."

"आई, घर बसेल आमचं."

"माझा हात पोचला म्हणून आज घर आहे."

त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. चौकशी झाली, परवाना कायमचा गेला. त्याला दिव्यांच्या खोलीत नेमलं. खाणीत उतरणाऱ्यांच्या टोपीचे दिवे विजेवर लावायचे, तपासायचे, हातात द्यायचे. पगार निम्म्याहून थोडा जास्त. खाणीच्या वसाहतीतली मोठी खोली सोडून त्यांना मागच्या रांगेतल्या लहान खोलीत जावं लागलं.

मुलगी सामान हलवायच्या दिवशी आक्काच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काडतुसाचं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते तू केलंस ते बरोबर. पण कानाचं तुला कुणी विचारलं होतं का? दोन दिवसांची मुदत देणारी तू कोण?"

"पुढच्या वेळी खाली माणसं असती."

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघितलं असतं आम्ही!" ती रडायला लागली आणि रडताना कुणी बघू नये म्हणून निघून गेली. त्यानंतर पाच महिने तिनं या घराची पायरी चढली नाही. आक्कानं दोनदा निरोप पाठवला, दोनदा तसाच परत आला. पट्ट्यावरच्या बायका विचारायच्या, लेक कशी आहे? आक्का म्हणायची, बरी आहे. बरी आहे की नाही, हे तिला कुठं ठाऊक होतं?

जावई मात्र येऊ लागला. आधी कसलातरी हातोडा मागायला, मग तो परत द्यायला. मग रविवारी असाच. आक्का त्याला खिडकीकडे पाठ करून बसवायची, स्वतः उजेडात बसायची, आणि दोघं आवाज न करता तास तास बोलायची. भिंतीपलीकडच्यांना वाटायचं घरात कुणी नाही. तो विनोदी आहे हे आक्काला साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कळलं. दिव्यांच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक माणसाची तो हुबेहूब नक्कल करायचा, नुसत्या ओठांनी, आणि आक्का पोट धरून हसायची. तेही आवाज न करता.

अशाच एका रविवारी दार ढकललं गेलं. मुलगी दारात उभी होती, हातात पिशवी.

"म्हणजे इथं असतात होय," ती म्हणाली. "आणि मी फोन करकरून दमले." मग नवऱ्याच्या पाठीकडे बघून मोठ्यानं, "अहो! घरी यायचं नाही का?"

तो हलला नाही.

"ओरडू नकोस," आक्का म्हणाली. "समोर ये आणि बोल."

मुलगी तशीच उभी राहिली. मग ती आत आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला वळसा घालून उजेडात, आक्काच्या शेजारी येऊन बसली. त्याचा चेहरा तिला बघून उजळला.

"मला अजून राग आहे," ती आईकडे न बघता म्हणाली.

"असू दे. पिशवीत काय आहे?"

"बटाटे."

"मग सोल. तिघांचं जेवण टाकते."